अतिविषा : कळी घरोघरी, फूल दुर्मिळ

महाराष्ट्रातील जुन्या घरांत बाळगुटीचा एक डबा असे. वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, काकडशिंगी यांच्या सोबतीने त्या डब्यात बोटाच्या पेराएवढ्या, करड्या रंगाच्या, एका टोकाला निमुळत्या अशा एक-दोन वस्तू असत. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांना ‘अतिविषाची कळी’ म्हणत. सहाणेवर आईच्या दुधात कळीचे दोन वळसे उगाळावेत आणि ते चाटण बाळाच्या जिभेला लावावे, हा परिपाठ अनेक पिढ्या चालत आला.

वस्तुतः ती कळी नव्हेच. ते हिमालयातील एका रानफुलाच्या झुडपाचे मूळ, म्हणजे कंद आहे. आकारामुळे त्याला कळी हे नाव पडले आणि तेच रूढ झाले. या नावात नकळत एक विसंगती दडली आहे. मुळाला आपण कळी म्हणत राहिलो, पण त्या वनस्पतीची खरी कळी आणि खरे फूल आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिले नाही. आज ते फूल त्याच्या स्वतःच्या डोंगरावरही दुर्मिळ होऊ लागले आहे. त्याच्या ऱ्हासात आपल्या चिकित्सेचा वाटा किती आहे आणि त्याच्या रक्षणात तो किती असू शकेल, याचा विचार वैद्यबंधू-भगिनींसमोर मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथांतील अतिविषा

चरकाचार्यांनी अतिविषेचा समावेश लेखनीय आणि अर्शोघ्न या दोन महाकषायांत केला आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात दीपनीय, पाचनीय, सांग्राहिक आणि सर्वदोषहर द्रव्यांमध्ये तिला श्रेष्ठत्व दिले आहे. सुश्रुताचार्यांनी वचादि गणात तिला स्थान दिले. रसाने कटु-तिक्त, वीर्याने उष्ण, विपाकाने कटु असे हे द्रव्य अतिसार, ग्रहणी, ज्वर, कास, छर्दी आणि कृमी यांवर आपण नित्य योजतो. बालचातुर्भद्र चूर्ण, कुटजघन वटी, लोध्रासव हे योग तिच्यावाचून पूर्ण होत नाहीत.

निघंटुकारांनी दिलेले पर्याय पाहिले, तर त्यांनी हे द्रव्य किती बारकाईने हाताळले होते ते कळते. कंद आतून पांढराशुभ्र म्हणून शुक्लकंदा. हाताने सहज मोडतो म्हणून भंगुरा. किडीला अतिशय प्रिय म्हणून घुणवल्लभा. बालकांचे औषध म्हणून शिशुभैषज्य. ज्याने अतिविषेचा डबा वर्षभर विसरून पुन्हा उघडला असेल, त्याला घुणवल्लभा या नावाची सार्थकता वेगळी सांगावयास नको.

पर्वतावरील अतिविषा

अॅकोनिटम हेटेरोफायलम हे तिचे शास्त्रीय नाव. कुळ रॅननक्युलेसी, म्हणजे वत्सनाभाचेच. मात्र वत्सनाभातील अॅकोनिटिनसारखे तीव्र विष हिच्यात नसते. हिच्यात अॅटिसिन आणि तत्सम अल्कलॉइडे असतात. म्हणूनच एकाच घराण्यातील एक बहीण शोधनावाचून वापरता येत नाही आणि दुसरी तान्ह्या बाळाला चाटवता येते.

काश्मीरपासून हिमाचल व उत्तराखंडमार्गे नेपाळपर्यंत आणि पाकिस्तानच्या उत्तरेकडील पर्वतांत, साधारणतः २४०० ते ४००० मीटर उंचीच्या पट्ट्यात ती वाढते. वृक्षांची रेषा जेथे संपते आणि गवताळ कुरणे सुरू होतात, तो हा प्रदेश. गढवालात या कुरणांना ‘बुग्याल’ म्हणतात. गढवालात ही वनस्पती ‘अतीस’ आणि हिमाचल-काश्मीरकडे ‘पतीस’ या नावाने ओळखली जाते.

२०१७ च्या भाद्रपदात केदारनाथहून परतताना मी चोपत्याहून तुंगनाथला चढलो. गढवाल विद्यापीठाच्या उच्चपर्वतीय वनस्पतींच्या संशोधन केंद्राचे काम त्या परिसरात अनेक वर्षे चालू आहे, हे ठाऊक होते. तेथे मी अतिविषेचे फूल प्रथम पाहिले. गुडघ्याएवढे सरळ खोड, खालची पाने देठाची व विभागलेली, वरची पाने बिनदेठाची आणि खोडाला बिलगलेली. एकाच रोपावर दोन तऱ्हांची पाने असल्यामुळेच तिला हेटेरोफायलम म्हटले आहे. फूल हिरवट निळे, त्यावर जांभळ्या शिरांची रेखीव जाळी आणि वरच्या पाकळीसारख्या दलाचे टोपडे झालेले. या टोपड्याखाली शिरून मधापर्यंत पोहोचण्याचे बळ भुंग्यासारख्या दणकट रानमाश्यांनाच असते. परागीभवन त्यांच्याच भरवशावर चालते. पंधरा वर्षे ज्या द्रव्याच्या पुड्या मी बांधत होतो, त्याचे फूल समोर असूनही मला ते प्रथम ओळखता आले नाही. सोबतच्या स्थानिक वाटाड्याने ते दाखविले. त्याच वाटाड्याने हेही सांगितले, की त्याच्या लहानपणी गावाच्या वरच्या कुरणात अतीस पायाखाली येई. आता ती शोधावयास आणखी दीड-दोन दिवस वर चढून जावे लागते.

संकट कोणते आणि किती

वाटाड्याचे हे म्हणणे शास्त्रीय मूल्यमापनाशी जुळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ मध्ये अतिविषेची नोंद ‘संकटग्रस्त’ या वर्गात झाली. जटामांसी आणि कुष्ठ तर त्याहून गंभीर अशा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहेत. एखाद्या वनस्पतीची संख्या दहा वर्षांत अथवा तिच्या तीन पिढ्यांच्या काळात (यांतील जो काळ दीर्घ असेल त्यात) निम्म्याहून अधिक घटली, तर ती संकटग्रस्त ठरविण्याचा एक निकष पूर्ण होतो. अतिविषेच्या बाबतीत घटीचे प्रमुख कारण म्हणजे औषधासाठी होणारी खोदाई.

शासनाने काही पावले उचलली आहेत. १९९८ मध्ये परराष्ट्र व्यापाराच्या अधिसूचनेद्वारे रानातून गोळा केलेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली, त्या यादीत अॅकोनिटम प्रजाती समाविष्ट होत्या. २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. परंतु निर्यातबंदीने एका प्रश्नाला हात लागत नाही. अतिविषेचा मोठा ग्राहक सीमेपलीकडे नाही. तो आपल्या औषधनिर्माणशाळेत, आपल्या दवाखान्यात आणि आपल्या औषधपत्रावर आहे.

या वनस्पतीचे जीवनचक्र समजून घेतले, तर खोदाई इतकी घातक का ठरते ते लक्षात येते. जमिनीखाली सामान्यतः कंदांची जोडी असते. एक मातृकंद, जो त्या वर्षीच्या खोडाला, पानांना आणि फुलांना पोसतो आणि बीज धरल्यावर सुकून जातो. दुसरा कन्याकंद, जो शेजारी वाढत राहतो, बर्फाखाली हिवाळा काढतो आणि पुढील वर्षी स्वतः मातृकंद होतो. फूल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते आणि बी त्यानंतर पिकते. बी पिकण्यापूर्वी रोप उपटले, तर मातृकंद, कन्याकंद आणि बीज या तिन्ही वाटा एकदम बंद होतात. बियांपासून रुजलेल्या रोपाला औषधयोग्य कंद धरण्यास तीन-चार वर्षे तरी लागतात. तेथील थंडी आणि वाढीचा अल्प काळ पाहता यात घाई करता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र घाई होते. कुरण सर्वांचे असते; आज मी न काढल्यास उद्या दुसरा काढील, हे भय खोदणाऱ्याच्या मनात असते. बर्फ पडण्यापूर्वी माणसे खाली उतरतात. वाळलेल्या कंदाला किलोमागे हजारो रुपये भाव असल्याने ज्या घराला दुसरे रोख उत्पन्न नाही, त्याला थांबणे परवडत नाही. त्या गरीब माणसाला दोष देऊन वैद्याने मोकळे होणे मला उचित वाटत नाही. तो कोणासाठी खोदतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

येथे चरकाचार्यांच्या एका आज्ञेचे स्मरण होते. कल्पस्थानाच्या आरंभी द्रव्यसंग्रहाचे नियम सांगताना त्यांनी त्वचा, कंद आणि क्षीर यांचे ग्रहण शरद ऋतूत करावे असे म्हटले आहे. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. याच सुमारास बुग्यालात अतिविषेचे बी पिकून गळते. आपण हा नियम वीर्यसंपन्नतेसाठी शिकतो आणि शिकवतो. परंतु तो पाळला असता तर द्रव्याचे वीर्यही टिकले असते आणि वनस्पतीचा वंशही. आपल्या शास्त्राची आज्ञा आणि आजच्या संवर्धनशास्त्राचा सल्ला येथे एकच आहे.

दवाखान्यातील दोन अनुभव

पहिला अनुभव माझ्या चुकीचा आहे. काही वर्षांपूर्वी एका ठोक व्यापाऱ्याकडून नेहमीपेक्षा बऱ्याच कमी दरात मला अतिविषा मिळाली. दर कमी का, असा प्रश्न मनात आला. पण मी तो विचारला नाही. सहा-सात महिन्यांच्या एका बाळाला गुटीसाठी त्यांतील कळी दिली. चार दिवसांनी बाळाची आजी परत आली. “डॉक्टर, ही कळी कडू नाही. आमच्या घरची कळी नुसती जिभेला लावली तरी तोंड दिवसभर कडू राहायचं,” असे म्हणून तिने ती कळी माझ्या मेजावर ठेवली. मी तुकडा मोडून चाखला. कडवटपणा नाममात्र होता. ती अतिविषा नव्हती. कोणते मूळ होते ते मी आजही सांगू शकत नाही. पदवी माझ्याकडे होती आणि परीक्षा त्या आजीने केली. सुदैवाने बाळाला अपाय झाला नाही. तिच्या जागी वत्सनाभ कुळातील एखादा विषारी कंद असता तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

दुर्मिळतेचा हा दुसरा चेहरा आहे. पर्वतावर द्रव्य कमी झाले, की बाजारात ते संपत नाही. त्याची जागा दुसरे काहीतरी घेते. दक्षिणेत क्रिप्टोकोराइन स्पायरालिस या पाणथळ जागेतील वनस्पतीचे मूळ अतिविषेच्या नावाने दीर्घकाळ विकले जात आले आहे. म्हणून फुलाचे संवर्धन हा केवळ निसर्गप्रेमींचा विषय नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा विषय आहे.

दुसरा अनुभव हिशेबाचा आहे. या प्रसंगानंतर मी माझ्या दवाखान्याच्या वह्या काढल्या. एका वर्षात सव्वा किलो अतिविषा खर्ची पडली होती. वाळलेला एक कंद सरासरी दोन ग्रॅमचा धरला, तर माझ्या एका लहानशा दवाखान्यासाठी सव्वासहाशे रोपे उपटली गेली होती. अधिक खोलात गेल्यावर दिसले, की यांतील बहुतांश द्रव्य बालकांना दिलेच नव्हते. प्रौढांच्या ग्रहणीत आणि आमातिसारात कुटजासोबत मी ती सढळ हाताने वापरीत होतो. एका प्रौढ रुग्णाला रोज एक ग्रॅम याप्रमाणे पंधरा दिवस दिले, की सात-आठ रोपे संपतात. ज्या बाळांसाठी हे द्रव्य शिशुभैषज्य म्हणून ख्यात आहे, त्यांच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम शंभर ग्रॅम आले होते.

मुस्ता : प्रतिनिधी द्रव्याचा विचार

द्रव्य मिळेनासे झाले तर काय करावे, याचा विचार आपल्या पूर्वसूरींनी केला होता. अभाव-प्रतिनिधी द्रव्यांच्या परंपरेत अतिविषेच्या अभावी मुस्ता घ्यावी असे सांगितले आहे. ज्या अग्र्यसंग्रहात अतिविषेला श्रेष्ठत्व दिले, त्याच संग्रहात मुस्तेलाही सांग्राहिक, दीपनीय आणि पाचनीय द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे. तीन कर्मे दोघींत समान आहेत. सर्वदोषहर हे विशेषण मात्र एकट्या अतिविषेचे. या जोडीचा आधुनिक पद्धतीने केलेला तौलनिक अभ्यास २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा.

नागरमोथा आपल्या शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी विपुल उगवतो. शेतकरी त्याच्या त्रासाला कंटाळलेला असतो. एक द्रव्य दुर्मिळ आणि दुसरे उपटून संपत नाही, अशी ही जोडी आहे.

तथापि प्रतिनिधी घेताना डोळे मिटून चालणार नाही. मुस्ता शीतवीर्य आहे, अतिविषा उष्णवीर्य. शीतप्रधान, कफप्रधान अवस्थेत केवळ मुस्ता देताना सोबत शुंठीची योजना विचारात घ्यावी लागते. दुसरे असे की योगातील प्रधान द्रव्याला प्रतिनिधी घेऊ नये, असा संकेत आहे. कुटजघन वटीत प्रधान द्रव्य कुटज आहे. तेथे अतिविषेच्या जागी मुस्ता घेणे शास्त्राला धरून होईल. बालचातुर्भद्रात मात्र अडचण येते. त्या चारांत मुस्ता आधीच आहे. अतिविषेच्या जागी पुन्हा मुस्ता घातली तर मुस्तेचे प्रमाण दुप्पट होईल आणि चातुर्भद्राचे त्रिभद्र होईल. म्हणून मी स्वतःपुरता असा नियम केला आहे : बालकांच्या योगांत खरी अतिविषाच वापरावी, प्रौढांच्या योगांत अवस्था पाहून मुस्ता वापरावी. गेली काही वर्षे मी याप्रमाणे चिकित्सा करतो. माझ्याकडील अतिविषेचा वार्षिक खर्च सव्वा किलोवरून दीडशे ग्रॅमच्या आत आला आहे. प्रौढ रुग्णांच्या उपशयात मला जाणवण्याजोगा फरक आढळला नाही. हा एका वैद्याचा अनुभव आहे, सिद्धांत नव्हे. अधिक वैद्यांनी नोंदी ठेवल्या तर त्याला वजन येईल.

लागवड : आशा आणि मर्यादा

लागवड हा दुसरा मार्ग. गढवाल विद्यापीठाचे उपरोक्त केंद्र, गोपेश्वर येथील जडीबुटी शोध एवं विकास संस्था, हिमाचलातील सोलन व पालमपूर येथील संस्था यांनी हिमालयातील औषधी वनस्पतींच्या लागवडीवर काम केले आहे. परंतु ही लागवड थंड, उंच जागीच साधते. आपल्या महाबळेश्वरला ती होईल असे समजणे व्यर्थ आहे. डोंगरातील शेतकऱ्याला बियाणे हवे, तीन-चार वर्षे थांबण्याचे बळ हवे, शेवटी माल घेणारा विश्वासू ग्राहक हवा आणि हा माल रानातला नसून शेतातला आहे हे दाखविणारी कागदपत्रेही हवीत. रानातून खोदलेला माल स्वस्त पडतो तोवर शेतकरी त्या स्पर्धेत टिकत नाही.

कुष्ठाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. हिमाचलातील लाहौल खोऱ्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कुष्ठाची शेती होत आली. त्यामुळे औषधासाठी कुष्ठ उपलब्ध राहिले. परंतु १९८५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटस् कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात असूनही रानातील कुष्ठ सावरले नाही. लागवडीने आपली गरज भागते; पर्वतावरील फूल वाचण्यासाठी खोदाईही थांबावी लागते. दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या तरच उपयोग आहे.

आपण काय करू शकतो

आपल्या संघटनेच्या सभासदांसमोर पुढील सूचना नम्रपणे ठेवतो.

१. प्रत्येक वैद्याने आपल्या दवाखान्यातील अतिविषा, जटामांसी, कुटकी आणि कुष्ठ यांचा वार्षिक खर्च एकदा मोजावा. मोजल्यावाचून आपला वाटा कळत नाही.

२. अतिविषा प्राधान्याने बालचिकित्सेसाठी राखावी. प्रौढांत युक्तीने मुस्तेची योजना करावी आणि परिणामांच्या नोंदी ठेवाव्यात.

३. खरेदी करताना कंद अखंड घ्यावा, चूर्ण नव्हे. तो सहज मोडला पाहिजे. मोड पांढरा, पिठूळ आणि त्यात वर्तुळाकार मांडलेले तपकिरी ठिपके असावेत. संशय आल्यास तो मुळीच वापरू नये, तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी. तोंडात मुंग्या वा बधिरता आणणारा कंद बालकाच्या जवळही नेऊ नये.

४. औषधनिर्मात्यांना आपण प्रश्न विचारावा : आपली अतिविषा कोठून येते, रानातून की शेतातून? एकट्याच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, संघटनेच्या पत्राला मिळू शकेल.

५. जिल्हा शाखांनी आपली गरज एकत्र करून डोंगरातील उत्पादक गटांकडून थेट खरेदीचा विचार करावा. शरदात काढलेला, लागवडीचा माल अधिक दराने घेण्याची तयारी ठेवावी. तो अधिक दर म्हणजे भुर्दंड नव्हे. स्वस्त कंदाची उरलेली किंमत आजवर पर्वत भरत होता.

६. द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यांना बरणीतील सुक्या नमुन्यासोबत फुलाचे छायाचित्र आणि त्याची सद्यःस्थितीही शिकवावी.

पुन्हा एकदा त्या सहाणेकडे वळू. आजीच्या हातून कळीचे दोनच वळसे पडत. एक कळी एका बाळाचे बाळपण पुरून उरे. पुढे तीच कळी धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडे आणि कधी शेजारच्या घरी उसनी जाई. दोन ग्रॅमच्या एका कंदावर दोन-तीन मुले वाढत. काटकसरीचा हा संस्कार आपल्या परंपरेतच होता. ग्रॅमने चूर्ण देण्याची सवय आपली आहे, आणि ती बदलणेही आपल्याच हाती आहे. औषधपत्रावर ‘अतिविषा’ हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर लेखणी थांबावी आणि येथे मुस्ता चालेल का, असा प्रश्न मनात यावा. तुंगनाथच्या वरच्या कुरणात पुढील भाद्रपदात किती फुले उमलतील, हे काही अंशी त्या क्षणावरही अवलंबून आहे.